माळ्यावरचा मेकॅनो रोबो पुन्हा चालवायचा असेल तर

नागपूरच्या महाल भागातल्या मामांच्या घराचा माळा रिकामा करताना संत्र्याच्या लाकडी पेटीत हा गडी सापडला. दीड फूट उंची, चौकोनी डोकं, छातीत चावीची मोटर आणि डावा हात खांद्यातून लोंबकळलेला. मामांनी तो रात्रीची जेवणं आटोपल्यावर मेकॅनोच्या सुट्या पट्ट्यांतून उभा केला होता, एवढं आम्हा पोरांना ठाऊक होतं. हात लावायची मात्र परवानगी नव्हती. मामी म्हणाली, "नेतो तं ने, पण कबाड्याले देऊ नको. तुह्या मामाचा माणूस आहे तो."

तो पुन्हा चालता करायला मला एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा लागला. त्यातला निम्मा वेळ स्वतःच्याच चुका निस्तरण्यात गेला. तुमच्याही घरी असा एखादा रोबो, क्रेन किंवा मोटरगाडी पडली असेल आणि हे काम तुम्ही पहिल्यांदाच करणार असाल, तर त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी ओळख पटवा

मेकॅनो म्हणजे भोकं पाडलेल्या पट्ट्या, पत्रे, दांड्या, गिअर आणि नट-बोल्ट यांचा खेळ. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव आलं आणि लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. भाग खरे आहेत का, हे पट्टीवर ठोकलेल्या नावावरून कळतं. पण नाव पुसलं असेल तर पट्टी मोजा. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर भरलं पाहिजे. पाच भोकांची पट्टी अडीच इंचांची असते.

रंगावरून साधारण काळ कळतो. अगदी जुने भाग निकेलचा मुलामा दिलेले. १९२६ पासून लाल-हिरवे. १९३४ पासून निळ्या पत्र्यावर सोनेरी तिरप्या रेघांची जाळी. महायुद्धानंतर परत लाल-हिरवे आणि १९६४ पासून पिवळे-काळे. आमच्या गड्याची छाती निळी-सोनेरी, पाय हिरवे आणि पाठीची एक पट्टी चक्क घरी कापून भोकं पाडलेली. म्हणजे मामांनी दोन-तीन संच कुठून कुठून जमवले आणि कमी पडलं ते स्वतः केलं. असं मिश्रण दिसलं की नवशिक्याला 'खरे' भाग आणून सगळं एकसारखं करायचा मोह होतो. तो आवरा. पट्ट्या कारखान्यात लाखोंनी निघाल्या. कुठली पट्टी कुठल्या भोकात बसवायची, हे मात्र एका माणसाने रात्री जागून ठरवलेलं असतं. आपण दुरुस्त करतो ती त्याची जोडणी. पुढची सगळी कामं या हिशेबाने करा.

पहिले दोन दिवस पेचकस उचलायचा नाही

खरंच नाही. पहिल्या दिवशी फक्त फोटो काढायचे. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, पायाखालून, आणि मग प्रत्येक सांध्याचा जवळून. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, निकेलवर तो नुसता पांढरा डाग पाडतो. खिडकीशी, सकाळच्या उजेडात काढलेले फोटो सगळ्यात चांगले येतात.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी लिहायच्या: कुठल्या बोल्टवर किती वायसर आहेत, कुठे एक नट आहे आणि कुठे दोन, कुठला गिअर दांडीच्या टोकापासून किती आत आहे. वायसर मोजणं कंटाळवाणं आहे, पण रोबो चालेल की अडेल ते बहुतेक वेळा त्या वायसरांवरच ठरतं.

आता माझी चूक सांगतो. कमरेतली शेवटची गिअरजोडी सोडवताना एका कंसाखालून (काटकोनात वळवलेल्या पट्टीखालून) पत्र्याचा एक वाकडातिकडा तुकडा खाली पडला. डालडाच्या डब्यातून कापलेला. एका बाजूला पिवळा रंग आणि नारळाच्या झाडाचा शेंडा अजून दिसत होता. मला वाटलं, कचरा अडकला असेल. फेकून दिला. दोन महिन्यांनी सगळं परत जोडलं, चावी दिली, आणि पाय उचलायची वेळ आली की कमरेतून कर्रर्र आवाज. २५ दातांचा छोटा गिअर ५० दातांच्या मोठ्या गिअरवरून घसरत होता.

मग हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. मेकॅनोच्या गिअरचे दात अशा मापाचे असतात की दोन गिअरच्या दातांची बेरीज ७६ आली तर त्यांच्या दांड्या बरोबर एक इंचावर, म्हणजे दोन भोकांच्या अंतरावर, नीट बसतात. १९ आणि ५७ ची बेरीज ७६, म्हणून ती जोडी झकास चालते. २५ आणि ५० ची बेरीज होते ७५. तिला अंतर हवं एक इंचापेक्षा मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा कमी. हलक्या कामाला तेवढी ढिलाई चालून जाते. अख्ख्या रोबोचं वजन उचलायचं असेल तर दात घसरतात. मामांनी ती फट त्या पत्र्याने भरली होती! कंसाखाली पत्रा घालून अख्खी दांडी केसभर पुढे आणली होती. मी तो तुकडा कचराकुंडीत टाकला होता. पुढे बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून घातला आणि आवाज थांबला, पण नारळाचं झाड गेलं ते गेलंच.

म्हणून नियम असा: आतून पडलेली कुठलीही गोष्ट, मग ती दोरा असो, पुठ्ठा असो की पत्रा, चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवायची. काम संपल्यावर काय ते ठरवायचं.

चावीच्या मोटरीची भीती बाळगा

स्प्रिंग ताणलेली असताना मोटरीच्या बाजूच्या पट्ट्या सोडवल्या तर ती बोटं कापते, आणि डोळ्याला लागली तर बघायलाच नको. आधी मोटर मोकळी सोडून चावी पूर्ण उतरू द्या. मोटर अडकलेली असेल तर चावी हातात घट्ट धरा, खटका किंचित उचला, अर्धा फेरा सोडा, खटका परत टेकवा. असं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने स्प्रिंग उतरवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेतच.

मोटर सहसा उघडावी लागत नाही. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणा, वाटीत ओतून मोटर त्यात रात्रभर बुडवा, सकाळी रंगाच्या ब्रशने दातांतली घाण काढा आणि पुन्हा स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये हलवा. हे गच्चीवर किंवा अंगणात करा. गॅसजवळ आणि देवघरातल्या दिव्याजवळ नको. आमच्या मोटरीतून तपकिरी, मधासारखा चिकट थर निघाला. कोणीतरी कधीकाळी खोबरेल तेल सोडलं होतं. खोबरेल नागपूरच्या थंडीत बाटलीतसुद्धा गोठतं, मग गिअरच्या आत काय होत असेल? शिलाई मशीनचं तेल वापरा. तेही सुईच्या टोकाने, दांडी जिथे पट्टीतून जाते तिथे एकेक थेंब. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत थोडं ग्रीस चालेल.

स्प्रिंग तुटली असेल तर ती बहुधा आतल्या टोकाशी, आकड्याजवळ तुटते. जुनी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस ते टोक तापवून नरम करतो आणि नवं भोक पाडून देतो. असे कारागीर नागपुरात इतवारीच्या गल्ल्यांत विचारलं तर अजून सापडतात. हे घरी करायच्या भानगडीत पडू नका.

सोडवणं

एका वेळी एकच अवयव. आधी हात, मग डोकं, मग पाय, शेवटी धड. प्रत्येकाचे भाग वेगळ्या ट्रेमध्ये. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उत्तम, एकेका खळग्यात एकेका सांध्याचे नट-बोल्ट मावतात.

अडकलेल्या नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून चहा प्यायला जा. परत आल्यावर पाना नटावर धरा आणि पेचकसने बोल्ट फिरवा. पेचकसचं पातं खाचेत गच्च बसलं पाहिजे. बारीक पात्याने जोर लावला की पितळी बोल्टाची खाच कायमची गेली.

सगळ्यात त्रास देतो तो गिअरच्या पितळी बोंडातला, म्हणजे दांडी धरणाऱ्या मधल्या उंचवट्यातला, छोटा स्क्रू. त्याला सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक बोंडाला दोन मिनिटं टेकवणं हा जालीम उपाय आहे. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सुटते. स्क्रू निघाला तरी गिअर दांडीवरून निघेलच असं नाही. इतकी वर्षं टोचून बसलेल्या स्क्रूने दांडीवर ओरखडा पाडलेला असतो आणि त्याची कड बाहेर आलेली असते. हातोडीने ठोकून गिअर काढला तर ती कड बोंडाला आतून खरवडते आणि गिअर पुढे कायम डुलत फिरतो. त्याऐवजी गिअर उलट्या बाजूला थोडा सरकवा, ओरखडा उघडा पडेल. त्यावर बारीक कानस दोनदा फिरवा आणि मग गिअर हाताने ओढा. लोण्यातून काढल्यासारखा निघतो.

साफसफाई: कशाला काय लावायचं

रंगवलेल्या भागांना साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बास. पॉलिश पेपर अजिबात नको. रंग जातो हे एक, आणि जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते, त्याची धूळ छातीत जाते हे दुसरं. पोरंबाळं आसपास असतील तर जास्तच जपा.

मुलामा उडालेल्या, गंजलेल्या दांड्या आणि बोल्टांसाठी किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. तास-दोन तास बुडवा, मध्ये मध्ये ब्रश मारा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच कोरडं करा. मुलामा शाबूत असलेले भाग यात टाकू नका, विशेषतः जस्ताचा मुलामा बघता बघता उतरतो. आणि मोटरीची स्प्रिंग तर कधीच नाही. आम्लाने पोलाद ठिसूळ होतं आणि ती पुढे चावी देताना तुटते.

पितळी गिअरना पितांबरी चालते. देवाची भांडी घासतो तशी, पण जुन्या टूथब्रशने. दातांच्या मुळाशी पावडर राहिली तर तीच पुढे दात घासत बसते, म्हणून धुवायला हात आखडू नका. मी तर गिअर नुसते टर्पेंटाइनने पुसले. पितळेवर आलेला तो काळसर पिवळा रंग मला आवडतो.

वाळवायला आपल्याकडच्या मे महिन्यासारखी भट्टी नाही. स्टीलच्या ताटात भाग पसरून गच्चीवर दहा मिनिटं ठेवले की काम झालं. उचलताना मात्र फडकं घ्या, मी एकदा विसरलो. रंगीत भाग सावलीतच वाळवा. आणि खोलीत कूलर चालू असेल तर उघडं लोखंड तिथे ठेवू नका. कूलरची हवा दमट असते. एका रात्रीत माझ्या आठ चकचकीत दांड्यांवर केशरी ठिपके उमटले होते.

वाकलेली पट्टी हातोडीने ठोकू नका, भोकांभोवती पोचे येतात. दोन सरळ लाकडी फळ्यांमध्ये धरून वाइसमध्ये आवळा. दांडी सरळ आहे का ते पाहायला काचेवर लोळवा. खालून उजेड लुकलुकला तर वाकली आहे.

डोक्यात टॉर्चचे सेल असतील आणि फुटून पाझरले असतील, तर ती पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने पुसा. वायर नवी घाला.

बोल्ट मिळत नाहीत, मिळतात

लोहा ओळीत, म्हणजे नागपूरच्या लोखंडी सामानाच्या बाजारात, मी मेकॅनोचा बोल्ट घेऊन गेलो. दुकानदाराने तो बोटांत फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, हा तं सव्वा सूत आहे. आता कोण मागते सव्वा सूत? एमएममध्ये बोला." त्याचं बरोबर होतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंचाचा, म्हणजे बरोबर सव्वा सूत. त्याने जवळचा म्हणून चार एमएमचा दिला. जाडी जवळजवळ तीच, ३.९७ आणि ४. पण आटे वेगळे: मेकॅनोचे इंचात ३२, चार एमएमचे इंचात साधारण ३६. नट दोन फेरे छान जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की दोन्हीचे आटे गेले. पितळी गिअरच्या बोंडात हा प्रयोग केला तर गिअरच वाया जातो.

म्हणून एमएमचे बोल्ट वापरायचेच असतील तर नटही एमएमचेच घ्या, आणि ते फक्त साध्या जोडांना, आत दिसणार नाहीत अशा ठिकाणी. गिअर आणि चाकांच्या स्क्रूंसाठी सव्वा सूतच हवा. परदेशातले मेकॅनोचे भाग विकणारे लोक ते टपालाने पाठवतात. नाहीतर जुन्या हार्डवेअरवाल्याला धीराने विचारत राहा. मला शेवटी ओळीतल्याच दुसऱ्या एका दुकानात, मागच्या फळीवरच्या गंजक्या डब्यात, मूठभर सापडले. त्याने वजनावर दिले.

दांडी ८ गेजची, म्हणजे ४.०६ मिलिमीटर जाड. बाजारातली चार मिलिमीटरची चकचकीत सळई चालते, चाकं किंचित हलतात एवढंच.

परत जोडणं आणि चालवणं

सोडवलं त्याच्या उलट क्रमाने जोडा. सांगाडा उभा करताना सगळे बोल्ट ढिले ठेवा. आधी सगळ्या दांड्या आपापल्या भोकांतून घाला, बोटाने फिरवा, त्या अलगद फिरल्या की मगच बोल्ट आवळा, एकेक, समोरासमोरचे. आवळताना दांडी अडली तर त्याच बोल्टात दोष आहे. हात-पाय जिथे हलायचे तिथे एक नट नाही, दोन नट एकमेकांवर आवळलेले हवेत. मध्ये पट्टी मोकळी हलली पाहिजे. आमच्या गड्याचा डावा हात त्यामुळेच लोंबकळत होता, दुसरा नट कधीच गळून गेला होता.

चालण्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक पावलाखाली छोटी चाकं, त्यांच्या दांडीवर करवतीसारख्या दातांचं रॅचेट आणि त्यावर टेकलेला खटका. पाय पुढे सरकतो तेव्हा चाक मोकळं फिरतं. पाय मागे जायला लागला की खटका दातात अडकतो, चाक जागीच थांबतं, आणि पाय मागे जाण्याऐवजी धड पुढे ढकललं जातं. कमरेत एका दांडीच्या दोन टोकांना दोन क्रँक, म्हणजे दांडीबरोबर फिरून पाय पुढे-मागे हलवणारे छोटे दांडे, असतात. छातीतल्या मोटरीपासून १९-५७ च्या दोन जोड्या आणि २५-५० ची एक, म्हणजे मोटरीचे १८ फेरे झाले की क्रँकचा एक. वेग जातो, जोर येतो.

दोन्ही क्रँक एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला हवेत, एक वर तर एक खाली. मी पहिल्यांदा ते एकाच दिशेला बसवले. चावी दिल्यावर गडी जागच्या जागी पुढे-मागे डुलायला लागला, नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्याच्या पुतळ्यासारखा. मामी हसून हसून खाली बसली.

चावी देण्याआधी क्रँक हाताने दहा फेरे फिरवून बघा. जिथे जड लागेल तिथे थांबा आणि शोधा: एखादा बोल्ट लांब आहे, वायसर कमी आहे किंवा दोन पट्ट्या घासताहेत. मग अर्धीच चावी द्या. जमीन महत्त्वाची आहे. गुळगुळीत टाइल्सवर चाकं फिरत नाहीत, नुसती घसरतात. जुन्या शहाबादी फरशीवर तो चांगला चालतो. टाइल्सच असतील तर सायकलच्या ट्यूबचे पट्टे चाकांवर चढवा. एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या पावलाचा खटका बघा. तो स्वतःच्या वजनाने टपकन खाली पडला पाहिजे, तेलाने चिकटून वर राहता कामा नये. रॅचेटला तेल द्यायचंच नाही.

ठेवताना

स्प्रिंग पूर्ण उतरवून ठेवा. पावसाळ्यात काचेच्या बंद कपाटात, सोबत औषधांच्या आणि बुटांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा थोडी चावी देऊन चार पावलं चालवा.

आणि काय काय बदललं ते एका कागदावर लिहून रोबोसोबतच ठेवा. आमच्या संत्र्याच्या पेटीत आता एक चिठ्ठी आहे: सहा बोल्ट नवे, डाव्या खांद्याचा एक नट नवा, उजव्या पायाची दांडी चार एमएमची, कमरेतल्या कंसाखाली डालडाच्या जागी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा.